मातीखालचे मांजर

कलावंत खून करतो, त्या खुनाची कलाकृती होते आणि रसिकमंडळी त्या कलाकृतीपुढे माना डोलवीत उभी राहतात, एवढ्या एका कल्पनेवर गेल्या शतकात जे बोलपट निघाले, त्यांतील लक्षात राहण्याजोगे पुष्कळसे तुटपुंज्या भांडवलावर, उसन्या नेपथ्यावर आणि घाईगर्दीच्या मुदतीत उरकलेले असावेत, हा निव्वळ योगायोग आहे असे मानावयास मी तयार नाही. सधन निर्मात्याने काढलेल्या अशा पटात वेडा कलावंत हा परका, विलक्षण प्राणी असतो. निर्धन निर्मात्याच्या पटात मात्र तो घरातला माणूस असतो. कारण जो स्वतः मिळेल ती भिंत, मिळेल तो नट आणि मिळेल ती रात्र पदरात पाडून घेऊन चित्र पुरे करतो, त्याला हाताशी आलेल्या प्रेतावर माती लिंपून शिल्प पुरे करणाऱ्या माणसाची नड आतून ठाऊक असते. तेव्हा या जातीच्या विनोदी भयपटांचा आढावा घ्यावयाचा तर तो भीती किती वाटली या मापाने न घेता, त्यांनी मांडलेल्या जमाखर्चाच्या अंगाने घेतला पाहिजे: खून कोणी केला हे तर पहिल्याच घटकेला कळते, नफा कोणाच्या खात्यावर पडला हे मात्र शोधावे लागते.

या वंशवेलीचे मूळ रंगभूमीवर आहे. पॅरिसच्या पिगाल भागात, पूर्वी प्रार्थनामंदिर असलेल्या एका इमारतीत, १८९७ साली ऑस्कार मेतेनिए याने ‘ग्रां गिन्योल’ नावाचे चिमुकले नाट्यगृह काढले. तीनशेही प्रेक्षक जेमतेम मावतील अशा त्या जागेत एकाच रात्री अंगावर काटा आणणारे नाटक आणि पोट धरून हसविणारा फार्स आलटून पालटून दाखविण्याची वहिवाट पडली. प्रेक्षकाचे मन हसून सैल झाल्यावर सुरा अधिक खोल जातो, हे मर्म त्या मंडळींना पक्के उमगले होते. पौला माक्सा या तेथील नटीची ख्याती जगात सर्वाधिक वेळा रंगमंचावर मारली गेलेली स्त्री अशी होती. तिच्या यातनांवर नाट्यगृहाचा गल्ला भरत होता ही गोष्ट कोणी लपविली नाही, आणि पाहणाऱ्यांनाही तिचा संकोच वाटला नाही. १९६२ साली ते नाट्यगृह बंद पडले. पण तोवर हसू आणि रक्त यांची त्याने लावलेली सांगड अटलांटिकपलीकडे एका निराळ्याच व्यवहारात रुजली होती.

मध्यंतरीचा टप्पा मेणाच्या पुतळ्यांचा. वॉर्नर ब्रदर्सच्या १९३३ सालच्या ‘मिस्टरी ऑफ द वॅक्स म्यूझियम’मध्ये विम्याच्या रकमेवर डोळा ठेवून भागीदारच प्रदर्शनाला आग लावतो, त्या आगीत शिल्पकाराचे हात जळतात, आणि ज्याला पुतळे घडविता येत नाहीत तो पुढे माणसांवरच मेण ओतू लागतो. येथे पहिला गुन्हा भांडवलाचा आहे, कलावंताचा नंतरचा, याची नोंद पुढल्या विवेचनासाठी करून ठेवावी. त्या काळच्या दोनरंगी टेक्निकलरला लागणाऱ्या प्रखर दिव्यांखाली मेणाचे पुतळे वितळू लागले, म्हणून काही ठिकाणी जिवंत नटांनाच निश्चल उभे करावे लागले, अशी हकिकत सांगतात. ती खरी असेल, तर कथेने जे भय कल्पिले ते तिच्या चित्रीकरणाने हुबेहूब उलटे करून दाखविले म्हणावयाचे. याच कथेवर १९५३ साली ‘हाउस ऑफ वॅक्स’ निघाला. तो त्रिमिती चित्र होता आणि त्याचा दिग्दर्शक आंद्रे द टॉथ याला एकच डोळा होता, त्यामुळे खोलीचा जो आभास निर्माण करण्यासाठी त्याला नेमले तो त्याला स्वतःला दिसणेच शक्य नव्हते. चित्र देखणे आहे, व्हिन्सेंट प्राइसचा आवाज मखमली आहे. परंतु तिकीट काढून पुतळे पाहावयास येणाऱ्या गर्दीला त्यात कोणी जाब विचारीत नाही.

तो जाब प्रथम विचारला रॉजर कॉर्मन याने, १९५९ साली, ‘अ बकेट ऑफ ब्लड’ या सहासष्ट मिनिटांच्या कृष्णधवल चित्रात. कॉर्मन हा स्टॅनफर्डमध्ये औद्योगिक अभियांत्रिकी शिकलेला. त्या विद्येवर मिळालेली नोकरी त्याने चार दिवसांत सोडली, पण कालापव्यय आणि मालाची नासाडी यांविषयीची अभियंत्याची चीड त्याच्या अंगी जन्मभर राहिली. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या ज्या संस्थेसाठी तो चित्रे काढीत असे, तेथे जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ हे दोघे आधी नाव ठरवीत, मग भित्तिपत्रक काढवीत, आणि चित्रगृहवाल्यांनी त्या दोहोंना पसंती दिली म्हणजे मगच पटकथा लिहावयास सांगत. मोटारीत बसून चित्र पाहणारी कोवळ्या वयाची पोरे हे त्यांचे गिऱ्हाईक. पन्नास हजार डॉलर आणि पाच दिवस एवढ्याच सामग्रीवर, दुसऱ्या एका चित्रासाठी उभारलेले नेपथ्य वापरून भयपट काढावयाचा, असा प्रसंग आला तेव्हा कॉर्मन आणि त्याचा लेखक चार्ल्स ग्रिफिथ हे दोघे एका रात्री लॉस एंजेलिसच्या सन्सेट स्ट्रिपवरील कॉफीगृहांतून हिंडले आणि त्या एका फेरीत कथानक त्यांच्या हाती आले.

कथानक असे. ‘यलो डोअर’ नावाच्या कॉफीगृहात दाढ्या वाढविलेले कवी, चित्रकार आणि त्यांचे भक्तगण यांचा अड्डा आहे. मॅक्सवेल ब्रॉक हा तेथला राजकवी, आणि कलेखेरीज जगात जे काही आहे ते कलेसाठी कच्चा माल म्हणून खपले तरी चालेल, अशा आशयाचे काव्य तो उच्चरवाने म्हणतो. त्यांच्या उष्ट्या कपबशा उचलणारा वॉल्टर पेस्ली हा मंदबुद्धीचा, एकाकी पोऱ्या ते काव्य जसेच्या तसे पाठ करतो. ज्यांनी ते रचले वा ऐकले त्यांच्यापैकी एकालाही त्यातील शब्द खरे मानावेसे वाटत नाहीत. फक्त पेल्यांची तबके उचलणारा एकटा त्यांच्यावर श्रद्धा ठेवतो, आणि या एका श्रद्धेतून पुढचा सारा अनर्थ ओढवतो. घरमालकिणीचे मांजर भिंतीत अडकते, त्याला सोडविण्यासाठी वॉल्टर सुरीने भिंत कापू लागतो आणि सुरी नेमकी मांजरातच शिरते. भयाने आणि शरमेने गोंधळून तो त्या प्राण्यावर, अंगातील सुरीसकट, माती लिंपतो. दुसऱ्या दिवशी कॉफीगृहात त्याचे कौतुक होते. शरीररचनेचा अभ्यास किती सखोल, सुरीची योजना किती धाडसी! मग पुतळ्यांची मागणी वाढते, आणि मागणी वाढली की पुरवठा करणे आले.

या चित्राचा खरा मध्यबिंदू वॉल्टर नव्हे, कॉफीगृहाचा मालक लेनर्ड हा आहे, आणि माझ्या मते साऱ्या परंपरेत त्याच्या तोडीचे पात्र दुसरे नाही. मातीचा पोपडा निघून खालची लव त्याच्या दृष्टीस पडते. तो पोलिसांना कळवावयास निघतो. इतक्यात एक संग्राहक त्या मांजराचे पाचशे डॉलर देऊ करतो. लेनर्ड थबकतो. पुढे माणसाचा पुतळा समोर आल्यावर त्याच्या तोंडचे पाणी पळते खरे, पण फिर्याद द्यावयाचे तो टाळतो. त्याऐवजी मानवाकृतींचा नाद सोडून अमूर्त शैलीकडे वळ, असा कळकळीचा सल्ला वॉल्टरला देतो. कलाव्यवहारावर झोड उठविणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. परंतु खुनी कलावंताला खून थांबवावयास न सांगता शैली बदलावयास सांगणारा हा आश्रयदाता जितके सांगून जातो तितके त्या ग्रंथांतही क्वचितच सापडेल. त्याच्या मनात पाप आहे असेही नाही. तो भित्रा आहे, सभ्य आहे, रोकडीच्या पेटीपुढे उभा आहे, आणि त्याचे मौन ज्या दिवशी सुरू झाले त्या दिवशी मेले होते ते फक्त एक मांजर. नंतरचे मुडदे त्याच मौनाच्या व्याजावर वाढत गेले.

डिक मिलर याने वॉल्टरचे काम ज्या समजुतीने केले आहे तिच्यामुळे प्रेक्षकाला त्याचा तिटकारा येत नाही. एरव्ही वेड्या शिल्पकाराला चित्रपटात हटकून अहंकार असतो. वॉल्टरला हवी असते फक्त खुर्ची. ज्या मेजांवरची भांडी तो उचलतो त्यांतील एका मेजाशी बसून कोणी आपल्याशी बोलावे, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा, आणि ती पुरी होताच तो डोक्यावर टोपी, हातात काठी आणि तोंडात लांब सिगारेटदाणी धरून ज्या थाटात येतो ते पाहून हसू येते व त्याच वेळी आपल्या हसण्याची लाजही वाटते. शेवटी बिंग फुटते, जमाव पाठीस लागतो, आणि वॉल्टर गळफास घेतो. तेव्हा दारात उभा राहिलेला कवी हे त्याचे श्रेष्ठ शिल्प ठरले असते अशा अर्थाचे मत नोंदवितो. परीक्षणाची सवय अशी सुटत नाही. त्या अखेरच्या दृश्यात नटाच्या अंगावर खरोखरचे लिंपण चढवावयाचे होते, परंतु वेळ उरला नाही म्हणून तोंडाला करडा रंग फासून काम भागविले गेले, याची खंत मिलर याने पुढे बोलून दाखविली आहे. त्याला वाटत असे की थोडा पैसा अधिक असता तर चित्र अभिजात ठरले असते. मला नेमके उलट वाटते. ज्या चित्रात कलाकृतीचे बाह्यांग पातळ मातीचे आहे आणि आतले प्रेत कोणत्याही क्षणी उघडे पडेल अशी धास्ती आहे, त्याचेच शेवटचे शिल्प अर्धवट राहावे यात कथेचे नुकसान काहीच नाही.

पुढल्या वर्षी ग्रिफिथने हाच साचा फुलवाल्याच्या दुकानात नेला. ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’चे मुख्य चित्रीकरण दोन दिवस आणि एक रात्र एवढ्यात संपले, खर्च तीस हजार डॉलरच्या आतबाहेर, आणि त्यातही माणसे खाणारे रोपटे दुकानाची विक्री वाढविते म्हणून मालक डोळेझाक करतो. दंतवैद्याकडे हौसेने वेदना सोसावयास येणाऱ्या रोग्याच्या कामात तरुण जॅक निकल्सन दिसतो. विशेष हे की कॉर्मन, काटकसरीचा हा महामेरू, स्वामित्वहक्काच्या दस्तऐवजांबाबत गाफील राहिला. ही दोन्ही चित्रे कालांतराने सार्वजनिक मालकीची झाली, ज्याला वाटेल त्याने प्रती काढल्या व विकल्या, आणि त्या फुकट प्रसारामुळेच त्यांची कीर्ती वाढली. १९८२ साली ‘लिटल शॉप’चे न्यूयॉर्कमध्ये संगीतक झाले, १९८६ साली त्या संगीतकाचा महागडा बोलपट झाला.

कॉर्मन स्वतः लेनर्ड होता की वॉल्टर, याचा निवाडा सोपा नाही. त्याने तरुणांना अल्प वेतनावर राबविले हे जगजाहीर आहे. त्याच तरुणांत फ्रान्सिस फोर्ड कोपोला, मार्टिन स्कॉर्सेसी, जोनाथन डेमी आणि जेम्स कॅमेरून हे होते, हेही तितकेच जगजाहीर. एका चित्राच्या खर्चातून उरलेली रक्कम आणि माणसे हाताशी होती म्हणून १९६३ साली कोपोलाला आयर्लंडमध्ये ‘डिमेन्शिया १३’ काढावयास मिळाला. १९७० साली न्यू वर्ल्ड पिक्चर्स ही स्वतःची संस्था काढल्यावर या गृहस्थाने बेर्गमनचा ‘क्राइज अँड व्हिस्पर्स’ आणि फेलिनीचा ‘आमारकोर्ड’ अमेरिकेत वितरित केले, आणि कॉफीगृहातील ज्या कलासक्त मंडळींची त्याने टवाळी केली होती त्यांनाच तिकिटे विकून पैसाही केला. जो दांतेसारख्या शिष्यांनी मात्र वेगळी परतफेड केली: त्यांच्या चित्रांत डिक मिलर वारंवार येतो, ‘हॉलिवुड बुलेव्हार्ड’मध्ये, ‘द हाउलिंग’मध्ये, आणि पात्राचे नाव पुन्हा पुन्हा वॉल्टर पेस्लीच असते.

त्यानंतरच्या अनुयायांत हसू आणि करुणा या दोहोंचा तोल फारसा कोणाला साधला नाही. हर्शल गॉर्डन लुइस हा पूर्वी साहित्याचा अध्यापक आणि पुढे जाहिरातलेखनावरील अधिकारी पुरुष. त्याच्या १९६५ सालच्या ‘कलर मी ब्लड रेड’मध्ये चित्रकाराला हवी ती लाल छटा रक्ताखेरीज मिळत नाही, आणि समीक्षक त्या छटेवर खूष होतो. कल्पना नामी, परंतु लुइसला रक्त विकावयाची इतकी घाई आहे की समीक्षक हे पात्र उभेच राहत नाही. १९७३ सालचा ‘थिएटर ऑफ ब्लड’ सुखवस्तू विलायती घराण्यातला. त्यात डावललेला नट शेक्सपिअरच्या नाटकांतील मरणे निवडून एकेका समीक्षकाला यमसदनी धाडतो. मजा खूप येते, पण तेथे कलावंत फिर्यादी आहे, आणि फिर्यादीला आपल्या कैफियतीत विनोद करावयास मिळाला तरी संशय मात्र शिल्लक राहत नाही. एबल फेरारा याच्या १९७९ सालच्या ‘ड्रिलर किलर’मध्ये न्यूयॉर्कचा भाडे थकलेला चित्रकार एका रानरेड्याच्या चित्रावर महिनोन्महिने घासाघीस करतो आणि रात्री बॅटरीवर चालणारा गिरमिट घेऊन फुटपाथवरच्या निराधारांना मारीत हिंडतो, चित्र विकत घेणारा दलाल ते पाहून नाक मुरडतो. चित्रकाराचे काम फेराराने स्वतःच केले. पुढे ब्रिटनमध्ये या पटाच्या व्हिडिओ कॅसेटच्या वेष्टनावरील चित्राने एवढा गहजब माजला की १९८४ सालच्या व्हिडिओविषयक कायद्यापर्यंत जी मोहीम गेली तिच्यात त्याचे नाव अग्रभागी आले. चित्र पाहिलेल्यांपेक्षा वेष्टन पाहिलेले लोक अधिक संतापले होते.

कॉर्मनने विचारलेला जाब खऱ्या अर्थाने पुढे नेला तो बेल्जममधील तीन तरुणांनी. रेमी बेल्व्हो, आंद्रे बॉन्झेल आणि बेन्वा पुल्वोर्द यांनी पैशाच्या अभावी कृष्णधवल फिल्मवर, आप्तस्वकीयांना भूमिका देऊन, १९९२ साली जे चित्र पुरे केले ते ‘मॅन बाइट्स डॉग’ या नावाने जगभर गेले. माहितीपट काढणारी एक गरीब मंडळी बेन नावाच्या हसतमुख मारेकऱ्याच्या मागे कॅमेरा घेऊन फिरते. बेन कविता म्हणतो, वास्तुकलेवर मते देतो, प्रेत पाण्यात बुडवावयास किती वजन लागते याचे गणित समजावतो. मंडळीचे पैसे संपतात तेव्हा खर्च सोसण्याची तयारीही तोच दाखवितो. तेथून उतरण सुरू होते: आधी फक्त पाहणारे हात मग प्रेत उचलू लागतात, आणि एका रात्री एका स्त्रीवरील अत्याचारात ते सारे सामील होतात, ते दृश्य पाहताना आतापर्यंतचे आपले हसणे घशात अडकते. ध्वनिमुद्रक मारला गेला म्हणजे दिग्दर्शक कॅमेऱ्यापुढे येऊन गदगदलेल्या स्वरात श्रद्धांजली वाहतो. दुसरा मारला गेला म्हणजे जवळजवळ तेच शब्द पुन्हा वाहतो. येथे लेनर्डचे मौन कॅमेऱ्याच्या चालू राहण्यात बदलले आहे. मायकेल पॉवेलने १९६० साली ‘पीपिंग टॉम’मध्ये हाच आरोप गंभीरपणे मांडला होता, खुनी छायाचित्रकाराच्या बापाची भूमिका स्वतः करून व त्याच्या बालपणाची भूमिका आपल्या मुलाकडून करवून घेऊन, आणि त्याबद्दल लंडनच्या वृत्तपत्रांनी त्याची कारकीर्द जवळजवळ संपविली. बेल्जममधील त्या तरुणांनी विनोदाचा परवाना काढला म्हणून ते निभावले.

आपल्याकडे स्वस्त भयपटाची पेढी चालविली ती रामसे कुटुंबाने. कराचीहून आलेल्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर रेडिओचे दुकान चालविणाऱ्या फतेहचंद रामसे यांचे सात मुलगे लेखन, छायालेखन, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन अशी खाती आपसांत वाटून घेत, आणि ‘दो गज जमीन के नीचे’ या १९७२ सालच्या चित्रासाठी सारा कबिला महाबळेश्वरास जाऊन राहिला होता. काटकसरीत ही मंडळी कॉर्मनला हार जाणारी नव्हती. परंतु त्यांच्या चित्रांत भय आणि विनोद यांची दालने अलग असतात, ‘पुराना मंदिर’मध्ये तर ‘शोले’ची नक्कल स्वतंत्र उपकथानक म्हणूनच येते, त्यामुळे एकाची आच दुसऱ्याला लागत नाही. ती दोन्ही एका खोलीत आणली महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या ‘झपाटलेला’ने. बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा भाबडा कलावंत आणि त्याच्या बाहुलीत शिरलेला तात्या विंचू; रामदास पाध्ये यांनी घडविलेली ती बाहुली आणि दिलीप प्रभावळकरांचा तो आवाज मराठी घराघरांत गेला. मात्र तेथे बाहुलीच्या पापावर नफा मिळविणारा कोणी मालक नाही, टाळ्या पिटणारा जाणकार नाही. दुष्टाव्याचा सारा भार एकट्या तात्यावर टाकून प्रेक्षक मोकळा होतो. असा मोकळा झालेला प्रेक्षक चित्रगृहातून आनंदाने बाहेर पडतो, आणि लोकप्रियतेचे एक कारण तेही असावे.

अलीकडच्या काळात या प्रश्नाला नवे वळण दिले ते जपानच्या शिनइचिरो उएदा याने. नट व दिग्दर्शक घडविणाऱ्या एका संस्थेच्या कार्यशाळेतून, अनोळखी नट घेऊन, सुमारे तीस लाख येनमध्ये काढलेला त्याचा ‘वन कट ऑफ द डेड’ २०१८ साली टोकियोच्या दोन चित्रगृहांत लागला आणि त्याने पुढे तीनशे कोटी येनांच्या वर धंदा केला. आरंभी सदतीस मिनिटांचे एकच अखंड दृश्य: ओसाड पाणीशुद्धीकरण केंद्रात भुताटकीचे चित्र काढणारा दिग्दर्शक नटीकडून खरी भीती वसूल करण्यासाठी तिचा छळ करतो, खरीखुरी प्रेते उठून येतात तरी कॅमेरा थांबवावयास नकार देतो, आणि आपण त्याला बिनदिक्कत पछाडलेल्या कलावंतांच्या मालिकेत बसवून मोकळे होतो. मग चित्र मागे जाते आणि ते अखंड दृश्य निभावून नेण्यासाठी पडद्यामागे किती माणसांची तारांबळ उडाली ते दाखविते: दारू पिऊन आडवा झालेला नट, मोडलेली क्रेन, आणि तिच्या जागी एकमेकांच्या खांद्यांवर उभे राहिलेले सारे लोक. ज्या त्रुटींना आपण पहिल्या भागात हसलो त्या प्रत्येकीखाली कोणाचा तरी घाम निघतो. कनवाळू असे हे चित्र. श्रमाचे श्रेय ज्याचे त्याला द्यावे यासाठी जणू ते काढलेले. तरी प्रदर्शनानंतर थोड्याच महिन्यांत ‘घोस्ट इन द बॉक्स’ या नाटकाच्या कर्त्याने कथेच्या मूळ रचनेवर आपला हक्क सांगितला, वर्तमानपत्रांतून वाद रंगला, आणि २०१९ साली उभय पक्षांत समेट होऊन मूळ कल्पनेच्या श्रेयात त्याचे नाव दाखल झाले.